फोन वाजतोय, पण उचलता येत नाही : चरईतल्या मोदकवाल्या काकूंचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात चरईच्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत या काकू दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय ६८. काका गेल्यापासून एकट्याच. मुलगा पुण्यात नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी फेरी मारतो. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि फोनची किंवा अ‍ॅपची कंपनी सांगणार नाही. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. ऐरोलीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. या प्रकरणातल्या दोन चुका मात्र माझ्याच आहेत. त्या पुढे येतीलच.

काकू वर्षभर अधूनमधून पुरणपोळ्या, अळूवड्या करून देतात, पण त्यांचा खरा हंगाम एकच : गणपती. उकडीचे मोदक, आंबेमोहोराच्या पिठीचे, हाताने कळ्या पाडलेले. गिऱ्हाइकं नौपाडा, उथळसर, पाचपाखाडी या भागातली, बहुतेक त्यांच्याच वयाची. ही मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘२१ मोदक’ असा निरोप टाकून मोकळी होत नाहीत. फोन करतात, सुनेची चौकशी करतात, मग हळूच म्हणतात, "यंदा एकवीस नको, अकराच पुरेत." काकू ते वहीत लिहून घेतात. सगळा धंदा फोनची रिंग आणि वही या दोन गोष्टींवर चालतो.

फोन मुलाने घेऊन दिलेला, साधा अँड्रॉइड, तीनेक वर्षांचा. भाषा इंग्रजी. मराठी का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, "आई, सेटिंग्जमध्ये जा, मग डिस्प्ले दाब." त्याच्या फोनवर इंग्रजी आणि हिच्या फोनवर मराठी असेल, तर दोघंही हरवतात. हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. फोनची भाषा माणूस स्वतःपुरती निवडत नाही, आपल्याला मदत करणाऱ्याची भाषा निवडतो.

शनिवारी संध्याकाळी काय झालं

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. आदल्या आठवड्यात पावसाने झोडपून काढलं होतं. १९ ऑगस्टला तर सीएसएमटी ते ठाणे लोकल काही तास बंदच होती. त्यामुळे लोकांची खरेदी आणि ठरवाठरवी सगळी पुढे ढकलली गेली, आणि ऑर्डरींचे फोन एकदम शनिवारी, २३ तारखेला सुरू झाले.

त्या संध्याकाळी काकू नमुन्याचे मोदक करत होत्या. दरवर्षी नवीन पिठी आणली की आधी एक घाणा काढून बघतात. उकड मळताना हाताला तेल-पाणी लागलेलं. फोन वाजला. त्यांनी नेहमीप्रमाणे करंगळीच्या कडेने हिरवं चिन्ह खालून वर सरकवलं. काही झालं नाही. पुन्हा सरकवलं. हात पदराला पुसून पुन्हा. रिंग वाजून वाजून थांबली. पुढच्या फोनला त्यांनी घाईघाईत वर, खाली, आडवं, सगळीकडे बोट फिरवलं आणि फोन कटला. तिसऱ्यालाही तेच.

रविवारी दुपारी मी खाली गेले तेव्हा कॉलच्या यादीत १३ फोन होते. त्यातले काही सुटलेले, काही त्यांच्याच हातून कापले गेलेले. गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार करा : तुम्ही मोदक सांगायला फोन केलात आणि समोरच्या बाईंनी दोनदा कट केला. तुम्ही काय समजाल? एक जुन्या गिऱ्हाईक बाई खरोखरच रागावल्या होत्या.

यात मला सगळ्यात जास्त लागलं ते काकूंचं पहिलं वाक्य. "माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं गं."

निदान कसं चुकलं

मी जाण्याआधी तिघांनी या फोनवर हात फिरवला होता.

मुलाने फोनवरून सांगितलं, रीस्टार्ट कर. केला. फरक नाही. समोरच्या घरातल्या कॉलेजच्या मुलाने कारण शोधलं : स्क्रीनवरची काच जुनी झाली आहे, टच नीट लागत नाही. हे पटण्यासारखं होतं, कारण पिठाच्या हातांनी टच बिघडतो हे काकूंनाही माहीत होतं. मग त्या गोखले रोडच्या गर्दीतून, गणपतीची मखरं चुकवत, एका दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. तिथे १५० रुपयांत नवी काच लागली. तरी फोन उचलला जाईना. मग दुकानदार म्हणाला, डिस्प्ले बदलावा लागेल, ३,२०० रुपये.

मी काय वेगळं केलं? खरं तर काहीच नाही. मीही आधी टच तपासला. कीपॅडवर टाइप करून बघितलं, फोटो मोठे-छोटे केले. सगळं चालत होतं. टच चालतोय हे कळल्यावर तरी मी थांबायला हवं होतं, पण अर्धा तास मी परवानग्या आणि बॅटरी सेव्हर उलटसुलट करण्यात घालवला. शेवटी माझ्या फोनवरून त्यांना कॉल लावला आणि स्क्रीनकडे नुसतं बघितलं. ती स्क्रीन मी ओळखत होते, पण काकूंच्या फोनवर तिला पाहिलं नव्हतं. दोन दिवसांपूर्वी ऑफिसात एकाच्या फोनवर बघितलेली, आणि त्यावर सगळे हसलेही होते.

कालपर्यंत ही स्क्रीन कशी दिसत होती, हा प्रश्न चौघांपैकी एकानेही विचारला नव्हता.

नेमकं काय बदललं होतं

त्या ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात देशभर अनेकांच्या फोनवर कॉलचं अ‍ॅप एका रात्रीत नव्या रूपात आलं. आधी येणारा फोन घ्यायला खालून वर सरकवायचं, नाकारायला वरून खाली. आता एक आडवी पट्टी आली : उजवीकडे सरकवलं की फोन लागतो, डावीकडे सरकवलं की कटतो. काकूंची तीन वर्षांची सवय वर-खालीची. वर सरकवून काहीच होत नव्हतं, आणि धांदलीत बोट डावीकडे गेलं की फोन कटत होता.

आणखीही बदल होते. आवडत्या नंबरांचं वेगळं पान गेलं आणि ते नंबर कॉलच्या यादीच्या डोक्यावर आडव्या रांगेत बसले. सगळ्या नंबरांची यादी शोधायच्या पट्टीमागच्या मेन्यूत गेली. मुलगा, गॅस, दूधवाला, जांभळी नाक्याचा नारळवाला, हे चौघं काकूंना नाव वाचून नाही, जागेवरून सापडत. जागा गेल्या, तशी माणसंही हरवली.

काकूंचा प्रश्न अगदी बरोबर होता : "मी तर अपडेट केलाच नाही." केला नव्हताच. फोनची मूळ प्रणाली बदलायची असते तेव्हा फोन विचारतो, थांबवायची सोय देतो. पण अ‍ॅप स्टोअरमधून वेगळी अद्ययावत होतात, बहुधा रात्री, फोन चार्जिंगला आणि वायफायवर असताना, न विचारता. त्यात आणखी एक खुबी आहे जी आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रोजची आणि बाहेरच्यांना अजिबात ठाऊक नसते. नवं रूप अ‍ॅपच्या आत आधीच येऊन बसलेलं असतं आणि कंपनी ते तिच्या सर्व्हरवरून, टप्प्याटप्प्याने, आज हजारांना, उद्या लाखांना चालू करते. म्हणून एकाच इमारतीत, एकाच मॉडेलच्या दोन फोनांवर दोन वेगवेगळी तोंडं दिसतात. शेजारणीचा फोन नीट चालतो, माझाच चालत नाही, म्हणजे चूक माझीच, हा निष्कर्ष मग कोणीही काढेल.

कंपनीची बाजूही सांगायला हवी. आडव्या पट्टीमागचं कारण असं की खिशातून फोन काढताना तो चुकून उचलला किंवा कापला जाऊ नये. कारण खोटं नाही. माझा स्वतःचा फोन खिशातून काढताना कितीदा तरी ऑफिसचा कॉल आपोआप लागला आहे. आयफोनवर तर वर्षानुवर्षं हीच दोन रूपं आहेत : फोन लॉक असेल तर सरकवून घ्यायचा, उघडा असेल तर बटण दाबून. त्यानेही लोक गोंधळतात. तेव्हा नवी पद्धत वाईटच होती असं माझं म्हणणं नाही. ती चतुर्थीच्या चार दिवस आधी, न सांगता, ओल्या हाताच्या बाईच्या फोनवर आली.

समोर कोणते पर्याय होते

रविवारी संध्याकाळी काकूंच्या ओट्याजवळ उभं राहून आम्ही पर्याय मोजले. वेळ कमी होता. सोमवारी नारळ आणायचे, मंगळवारी हरतालिका, त्या रात्री सारण, आणि बुधवारी पहाटे तीनपासून मोदक.

काकूंचा पहिला पर्याय त्यांच्या कपाटात होता : काकांचा जुना बटणांचा फोन. हिरवं बटण, लाल बटण, प्रश्न मिटला. मलाही तो मनापासून आवडला. पण काकूंचं सिम ज्या कंपनीचं आहे तिचं टूजी नेटवर्कच नाही, आणि तो जुना फोन फक्त टूजीवर चालणारा, त्यामुळे त्यात ते चालणार नव्हतं. वर सिम काढलं की यूपीआयचं अ‍ॅप पुन्हा नोंदणी मागणार, आणि निम्मी गिऱ्हाइकं आता पैसे तसेच देतात. फोन परत कपाटात गेला.

दुसरा : स्टोअरमधून कॉलचं वेगळंच अ‍ॅप घ्यायचं, जुन्यासारखं दिसणारं. अशी डझनभर मिळतात. पण कॉलचं अ‍ॅप म्हणजे त्याला कॉलची सगळी यादी आणि सगळे नंबर उघडे करून द्यायचे. कोण बनवतं, जाहिरातींवर कसं जगतं, काही कळत नाही. सायबर चोरांची प्रकरणं रोज कानावर येतात, १९३० हा तक्रारीचा नंबर काकूंच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. अशा बाईच्या फोनवर मी ते अ‍ॅप टाकणार नव्हते. हा पर्याय दोन मिनिटांत बाद झाला.

तिसरा : आडवं सरकवायला शिकायचं. काकूंनी प्रयत्न केला. सहापैकी चार वेळा जमलं. पण शिकताना त्या खुर्चीत बसल्या होत्या, हात कोरडे होते. बुधवारी पहाटे मोदकपात्रावरून वळून फोन घेताना बोट जुन्याच वाटेने जाणार, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

चौथा : अ‍ॅपचे अपडेट काढून टाकायचे. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर तीन टिंबांमागे ती सोय असते. फोनसोबत आलेली मूळ आवृत्ती परत येते आणि जुनं रूप दिसतं.

पाचवा मला तेव्हा माहीतच नव्हता. तो मंगळवारी सापडला.

पहिला निर्णय, आणि तो का टिकला नाही

मी चौथा पर्याय घेतला. बटण दाबल्यावर फोनने विचारलं : हे अ‍ॅप मूळ आवृत्तीने बदलायचं का? सगळा डेटा काढून टाकला जाईल.

काकूंनी माझा हात धरला. "राहू दे. नंबर गेले तर मी मेलेच."

इथे पाच मिनिटं गेली, आणि ती जायलाच हवी होती. कॉलची यादी आणि नंबर हे त्या अ‍ॅपच्या पोटात नसतात, फोनच्या वेगळ्या कोठारात असतात. अ‍ॅपची फक्त स्वतःची सेटिंग्ज जातात. पण ते वाक्य हे सांगत नाही. ते सरसकट ‘सगळा डेटा’ म्हणतं, आणि ज्याला कोणाला परत फिरायचंय तो तिथेच थबकतो. जाण्याचा रस्ता न विचारता आणि परतीच्या रस्त्यावर धोक्याची पाटी, ही रचना कोणाला सुचते कोण जाणे. मी आधी सगळे नंबर एका फाईलमध्ये काढून मुलाला पाठवले, काकूंना ते पोचल्याचं दाखवलं, मगच पुढे गेले.

जुनी स्क्रीन परत आली. काकूंनी माझ्या फोनवरून आलेला कॉल वर सरकवून घेतला आणि म्हणाल्या, "हॅलो, किती मोदक?" आम्ही दोघी हसलो. त्याच रात्री त्यांनी सुटलेल्या ऑर्डरींना फोन केले. १३ फोनांत ऑर्डरीसाठीचे सहा होते. चार परत मिळाल्या. दोघींनी दुसरीकडे सांगून टाकलं होतं, एकीने ५१ आणि एकीने २१. दर ३५ रुपये धरला तर २,५२० रुपये.

सोमवारी सगळं ठीक. मंगळवारी सकाळी सव्वासातला काकू माझ्या दारात. फोन पुन्हा नव्या रूपात.

ही माझी पहिली चूक. अपडेट काढले, पण त्या अ‍ॅपचं आपोआप अद्ययावत होणं स्टोअरमध्ये जाऊन बंद केलं नाही. फोन रात्री चार्जिंगला होता, आणि माझ्याच घरच्या वायफायवर, कारण पासवर्ड मीच दिलेला. ज्या कामाचे मला पैसे मिळतात त्यात पहिला नियम असा की दुरुस्ती केली की ती दुसऱ्या दिवशीही टिकते का ते बघायचं. मी ‘हॅलो, किती मोदक’वर खूश होऊन वर निघून गेले होते.

दुसरा निर्णय

मंगळवारी माझ्याकडे वीस मिनिटं होती, ऐरोलीची बस पकडायची होती. सरळ मार्ग असा : पुन्हा अपडेट काढायचे आणि या वेळी आपोआप अपडेटची खूणही काढायची. मी ते करणारच होते. पण मग हा फोन किती दिवस तसाच ठेवायचा? कॉलचं अ‍ॅप अनोळखी नंबर तपासतं, संशयास्पद कॉलला इशारा देतं. तीन वर्षं जुनी, फोनसोबत आलेली आवृत्ती कायमची ठेवणं मला बरं वाटेना. आणि खूण परत लावायची आठवण मला राहील याची मी खात्री देऊ शकत नव्हते.

म्हणून मी नव्या अ‍ॅपच्या सेटिंग्ज पहिल्यांदाच नीट वाचल्या. त्यात येणाऱ्या कॉलच्या जेश्चरची एक ओळ होती. आत दोन पर्याय : आडवं सरकवणं, किंवा एकदा टेकवणं. दुसरा घेतला की स्क्रीनवर दोन साधी बटणं येतात, एक घ्यायचं, एक नाकारायचं. सरकवायची भानगडच नाही.

ही माझी दुसरी चूक : उपाय रविवारीही तिथेच होता. मी बदलाच्या रागात होते, म्हणून तो मागे फिरवायच्या मागे लागले, आत शिरून बघितलंच नाही.

काकूंनी विचारलं, "जेश्चर म्हणजे काय?" मी म्हटलं, हावभाव. त्या म्हणाल्या, "फोनला हावभाव कशाला करायचे?" अ‍ॅपने नव्या रूपात पहिल्यांदा उघडल्यावर ही निवड विचारलीही असणार. पण काकू अ‍ॅप उघडून बघत नाहीत, फोन वाजला की घेतात. तो प्रश्न वाचायला त्यांच्या हाताला वेळ कुठे होता.

तीनदा कॉल लावून सराव केला. एकदा कोरड्या हाताने, एकदा बोटाच्या मागच्या पेराने, आणि शेवटी त्यांनी मुद्दाम उकडीचा हात करून. पेराने सगळ्यात चांगलं जमलं. माझी बस गेली, मी रिक्षाने गेले.

निष्पन्न

बुधवारी पहाटे तीन ते दुपारी बारा या वेळात त्यांनी आलेले सगळे फोन घेतले, एक सोडून. तो एक तळहात टेकून कापला गेला, आणि तो त्यांच्या भावाचा होता, त्यामुळे कोणाचं बिघडलं नाही. टेकवण्याच्या पद्धतीचा हा तोटा आहेच. पुढे कापडी पिशवीत ठेवलेल्या फोनने एकदा स्वतःच कॉल घेतला आणि मुलाने तीन मिनिटं भाजीबाजाराचा आवाज ऐकला. खिशातल्या चुकीच्या स्पर्शाबद्दल कंपनी जे म्हणते ते खरंच आहे, हे आम्हाला आमच्याच विरुद्ध मिळालेल्या पुराव्यातून कळलं.

डिस्प्लेचे ३,२०० वाचले. काचेचे १५० गेले. त्या ७२ मोदकांचं गिऱ्हाईक मात्र नुसत्या त्या वर्षापुरतं गेलं नाही. ५१ वाल्या बाई माघी गणपतीलाही आल्या नाहीत. दोनदा फोन कापणारी मोदकवाली, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं असणार. काकूंनी त्यांना फोन करून समजावलं का, असं मी विचारलं. "काय सांगू? फोन आपोआप बदलला म्हणून? कोण विश्वास ठेवेल?"

आवडत्या नंबरांची जागा त्यांना अजून सवयीची झालेली नाही. त्या आता नारळवाल्याचा नंबर वहीतून बघून दाबतात.

पुन्हा वेळ आली तर

सगळ्यात आधी मी स्वतः कॉल लावून बघेन, आणि फोन धरणाऱ्या माणसाला नेहमीसारखा घ्यायला सांगून त्याच्या बोटाकडे बघेन. अर्धा तास तरी वाचेल. ‘काहीतरी दाबलं असशील’ हे वाक्य घरातल्या सगळ्यांना बंद करायला सांगेन. काकूंचा पहिला पूर्ण दिवस त्या वाक्याने खाल्ला. काल आणि आजच्या स्क्रीनमधला फरक त्यांनी स्वतःहून सांगितला असता, पण चूक आपली असं ठरल्यावर माणूस बोलत नाही.

दुसरं, ज्यांचा धंदा फोनवर चालतो त्यांच्या हंगामाच्या पंधरा दिवस आधी कॉलच्या अ‍ॅपचं आपोआप अपडेट थांबवेन आणि विसर्जनानंतर सुरू करेन. यासाठी कॅलेंडरवर खूण करावी लागेल, आणि मी विसरेन, हेही मला माहीत आहे. इथे एक कडवट गंमत सांगते. आमच्या कंपनीत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत कोणताही नवा बदल बाहेर जात नाही, गोठवलेला असतो. ग्राहक सुट्टीवर, आपली माणसं सुट्टीवर, काही बिघडलं तर कोण सावरणार. हा संकेत अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांत आहे. नाताळ सगळ्यांच्या कॅलेंडरवर असतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थी नसते.

तिसरी गोष्ट वादाची आहे आणि माझं मत अजून पक्कं नाही. मी चतुर्थी होईपर्यंत जुनंच रूप टिकवून ठेवायला हवं होतं का? मुलाचं म्हणणं तेच आहे : आदल्या दिवशी आईला नवीन काही शिकवायचंच नव्हतं. खरंय. ते जमलं, कारण काकूंना शिकायची हौस आहे. दुसरं कोणी असतं तर माझा हा निर्णय महाग पडला असता.

काकूंची यादी

गौरी-गणपती गेल्यावर एका दुपारी मी अ‍ॅपमधूनच कंपनीला अभिप्राय लिहायला बसले. काकू सांगत होत्या, मी टाइप करत होते. मराठीतच.

पहिलं त्यांनी सांगितलं ते असं : बदलायच्या आधी विचारा. नंतर नको, आधी. आणि ‘नको’ म्हटलं तर ते नको ऐका, आठ दिवसांनी पुन्हा तेच विचारू नका. मी त्यात माझी भर घातली की सुरक्षेची दुरुस्ती आणि दिसण्यातला बदल हे वेगळे करा. हे अशक्य नाही. फोनच्या प्रणालीत ते होतं : अँड्रॉइडची सुरक्षेची माहितीपत्रकं २०१५ पासून दर महिन्याला स्वतंत्र निघतात, अ‍ॅपलने २०२३ मध्ये मोठ्या अपडेटची वाट न बघता छोटी सुरक्षा दुरुस्ती वेगळी पाठवली. अ‍ॅपच्या बाबतीत मात्र आजही सगळं एकाच पुडीत मिळतं. कडू औषध हवं असेल तर नवा रंगही घ्या.

दुसरं, जुनं परत आणायची सोय द्या, निदान काही महिने. लोक ओरडले की कंपन्या देतात, हेही दिसलं आहे. आयफोनच्या आयओएस २६ मधल्या काचेसारख्या दिसण्यावर वाचता येत नाही अशा तक्रारी झाल्या, तेव्हा नोव्हेंबर २०२५ मधल्या २६.१ आवृत्तीत काच कमी पारदर्शक करायचा पर्याय आला. पण ओरडणारे कोण असतात? ज्यांना कुठे ओरडायचं ते माहीत असतं.

तिसरं काकूंनी असं मांडलं : "फोनमध्ये एक वही ठेवा. आज काय बदललं, त्यात लिहा. म्हणजे मला कळेल की मी काही केलं नाही." मी टेस्टर म्हणून इतकी वर्षं काढली, बदलांच्या नोंदी रोज वाचते, पण त्या नोंदीचा हा उपयोग मला कधी दिसला नव्हता.

चौथं, फोन घ्यायला एक खरं बटण. काही कंपन्यांच्या फोनवर आवाज वाढवायच्या बटणाने कॉल घेता येतो, सेटिंग्जमध्ये शोधावं लागतं. काकूंच्या फोनवर ती सोय नाही. त्यांच्या बटणाने फक्त रिंग गप्प होते. वयस्कर माणसांसाठी साधं रूप देणारे फोनही आहेत, आयफोनवर २०२३ पासून मोठ्या बटणांची वेगळी सोपी रचना मिळते. काकूंना ते सांगितलं तर त्यांना राग आला. "मला सोपा फोन नकोय. मला माझाच फोन हवाय, जसा होता तसा."

पाचवं, सरावाची जागा. खोटा कॉल यावा, तो घेऊन बघता यावा, चुकला तरी कोणी रागावू नये.

मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एक शब्द बदलायला लावला : मी ‘वापरकर्ते’ लिहिलं होतं, त्यांनी ‘माणसं’ करायला सांगितलं. मग पाठवायच्या आधी अ‍ॅपने विचारलं, स्क्रीनचा फोटो जोडायचा आहे का.

"स्क्रीनचा कशाला," काकू म्हणाल्या, "माझ्या पिठाच्या हाताचा जोड."